तुलनेचं गाव

"अण्णा, खरं सांगा. तुमच्या गावात काहीच उपयोग झाला नाही, असं लिहून टाकू का?"

डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात चहा होता म्हणून बरं. नाहीतर तिथल्या तिथं मी काहीतरी रचून मोकळा झालो असतो.

बाई आमच्या सोप्यात खांबाला टेकून बसल्या होत्या. ऋता केळुसकर त्यांचं नाव. मांडीवर लॅपटॉप, आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय. समोर आमची अनुसया गवार निवडत होती.

"कुणी विचारलं असं?" मी म्हणालो.

"संपादकांनी. त्या नियतकालिकाच्या."

आता हे नियतकालिक काय, ते सांगितलं पाहिजे. दिसायला ते पुस्तकासारखंच, पण त्यात गोष्टी नसतात, अभ्यास असतात. तेही सगळे नव्हेत. गावाला सोबत घेऊन केलेले आरोग्याचे अभ्यास तेवढेच ते छापतात. परदेशात निघतं, इंग्रजीत. त्यांचा नियम मोठा नामी आहे: गावावर लिहायचं नाही, गावाबरोबर लिहायचं. म्हणून प्रत्येक लेखाला गावातला एक लेखक लागतो. आमच्या पिंपरणीतून तो मी. ग्रामसभेत बाईंनी विचारलं, "तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण बोलतं?" तेव्हा सगळ्या गावाची बोटं माझ्याकडं वळली. पुढं सरपंच म्हणाला की देवळाच्या पारावर जरा शांतता हवी होती म्हणून मला तिकडं गुंतवला. जळतात लोक.

मी दौलत घार्गे. जन्मभर बांधकाम खात्याचा रोड रोलर चालवला. त्या गाडीवर बसलं की माणसाला पोहोचायची घाई नसते, विचार करायला वेळ मिळतो, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण चार शब्द बोलून पुढं जातो. एकदा घाटात रोलरनं बिबट्याचा पाठलाग केला होता, हे मी आजही सांगतो. शेवटी बिबट्या दमला, हेही सांगतो. लोक हसतात. पण त्या घाटात पुन्हा बिबट्या दिसला का? नाही ना? मग?

तर अभ्यास होता रक्तदाबाचा. ओढ्याच्या दोन बाजूंना दोन गावं: इकडं आमची पिंपरणी, तिकडं सोनखळी. पिंपरणीत दर शुक्रवारी दवाखाना. रक्तदाब मोजायचा, गोळ्या द्यायच्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून माळापर्यंत चालायचं, लोणच्या-पापडात मीठ कमी घालायचं, मिश्री सोडायची. बायकांनी मिश्री सोडली त्या आठवड्यात गावात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आणि सोनखळीत काय? काही नाही. तिथं सुरुवातीला मोजायचं आणि वर्षानं पुन्हा मोजायचं. कुणाचा फारच वाढलेला दिसला तर तालुक्याला जा म्हणायचं, बस्स. बाई त्याला 'तुलनेचं गाव' म्हणायच्या. यांचा उतरला आणि त्यांचा नाही उतरला, तरच समजायचं की चालण्याचा आणि मिठाचा गुण आला.

वर्ष झालं. पिंपरणीचा झकास उतरला. आणि सोनखळीचा? तोही तितकाच उतरला.

"म्हणून संपादक विचारतायत," बाई म्हणाल्या, "की काही न करता जर तितकंच उतरलं, तर तुम्ही वर्षभर केलंत काय? ह्याचं कारण गावाच्या तोंडून लिहून द्या, नाहीतर लेख परत घ्या."

"आन परत घेतला तर?" अनुसयानं मान वर न करता विचारलं.

"तर काकू, आमची संस्था दिवाळीनंतर शुक्रवारचा दवाखाना बंद करणार. गुण येतो हे दाखवता येत नसेल तर चालवायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं."

त्या दवाखान्यानं गावात काय झालं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. अनुसयाची चक्कर थांबली होती. तालुक्याला जाऊन दिवसभर रांगेत उभं राहायचं, आणि नंबर लागला की साहेब जेवायला, हे थांबलं होतं. तो बंद म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

"बाई, कारण मी देतो," मी म्हणालो. लेखक होतो ना मी. "घ्या लिहून. आमच्याकडं लोक संध्याकाळी चालतात. वारा कुठनं वाहतो? मावळतीकडनं. आमच्या अंगावरनं जो वारा जातो, तो थेट सोनखळीत. आम्ही चालायचं, गुण त्यांना."

"अण्णा."

"बरं, दुसरं. आम्ही मीठ खायचं सोडलं. ते मीठ गेलं कुठं? दुकानातच राहिलं. दुकानदार वैतागला, त्यानं ते म्हशींना घातलं. म्हशी खारट झाल्या. सोनखळीवाले दूध आमच्याकडनं नेतात. खारट दूध बघून त्यांनी मीठच टाकलं."

"अण्णा, हे छापता येत नाही."

एरवी माझ्या अशा बोलण्यावर अनुसया "आलं बया" म्हणून कपाळाला हात लावते. त्या दिवशी तिनं लावला नाही. गवारीची ताटली उचलून मुकाट्यानं आत गेली. मला वाटलं, शेवटी बायकोला माझं पटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाई सोनखळीला गेलो. थेट सदाशिवाच्या घरी. सदाशिव म्हणजे माझा मेहुणा, अनुसयाचा भाऊ. अनुसयाचं माहेर सोनखळीच. ओढ्याच्या या काठची अर्धी लेकरं त्या काठच्या मामाच्या मांडीवर वाढलेली आहेत. सदाशिव पूर्वी असा होता की बाजेवर बसला की बाज बोलायची. आता बघतो तर शर्ट खांद्यावरनं घसरतोय.

"काय दाजी, काय बाई, या या," तो म्हणाला. "पारे, चहा टाक."

पारूवहिनी त्याची बायको. जीभ मोठी, मन त्याहून मोठं. चहाऐवजी तिनं भाकरी आणि ठेचाच पुढं केला.

बाईंनी विचारलं, "सदाशिवराव, वर्षभरात तुम्ही काही वेगळं केलंत का? चालणं वगैरे?"

"छ्या! आमी कुटलं चालतोय? बसतो नुसतं. वय झालं की उतरतंच सगळं."

"आणि जेवणात काही बदल?"

"काय बी न्हाई," पारूवहिनी म्हणाली. "आमी अडाणी मानसं बाई, हाय ते खातो."

गावात ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं. इतकं हेच, की जणू पाठ केलं होतं. मी ठेचा खाल्ला, त्यात मीठ नव्हतं. मनात म्हटलं, पारूवहिनीचा हात म्हातारपणी चुकायला लागला. बोललो नाही. पाहुण्याच्या घरी मीठ मागणं बरं दिसत नाही.

परत येताना ओढ्यात बाई पाय सोडून बसल्या. "संपलं अण्णा," म्हणाल्या. "लेख परत घेते. सोमवारी येते, अभ्यासाचं सामान गोळा करायला."

"सोमवारी? श्रावणातला शेवटचा सोमवार?"

"हो. का?"

"मग दुपारीच या," मी म्हणालो. "जाता जाता आमच्याकडच्या शिव्या ऐकून जा."

यात थाप नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दोन्ही गावच्या बायका नटूनथटून ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. कधीपासून, कुणाला माहीत नाही. ओढ्यात आसराईचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड आहे, तिला हे ऐकायला आवडतं म्हणतात. नियम दोन. एक, शिवी कितीही तिखट चालेल, पण टोमणा खराच मारायचा. आसराईपुढं खोटा टोमणा मारला तर त्या गावच्या विहिरीत अळ्या पडतात. आणि दुसरा, समोरून आलेला टोमणा अंगावर घेऊन गप्प बसायचं नाही. गप्प बसली ती हरली. पुरुषांनी मागं उभं राहून हलगी वाजवायची, तोंड उघडायचं नाही. मला तर हलगीच्याही मागं उभं करतात. विहिरीचा प्रश्न असतो.

सोमवारी बाई आल्या. अभ्यासाचं सामान गाडीत भरून तशाच ओढ्यावर आल्या. आमच्या काठावर सगळ्यात पुढं अनुसया. हिरवं लुगडं, कमरेवर हात. त्या काठावर सगळ्यात पुढं पारूवहिनी. वर्षभर "वन्सं, वन्सं" करत पाया पडणारी ती हीच, हे सांगून पटलं नसतं.

हलगी कडाडली.

"अगं ए अन्शेऽ!" पारूवहिनीनं आवाज लावला. "तुज्या तोंडाला मुंगळं डसलं! तुजा दादला रोलरवर बसला आन रस्त्यापरास ल्वाकांचं कानच दाबून सपाट केलं!"

आमच्याच काठावरच्या बायका खदखदल्या. टोमणा खरा असावा लागतो, त्यामुळं मला वाईट वाटलं.

"पारे, चुलीत मांजर व्याली तुज्या!" अनुसया गरजली. "माजा दादला बोलतो तरी, तुजा तर जेवायला बी तू तोंड उघड म्हनल्यावर उघडतो!"

"बोलतोय म्हनं! बोलून काय झालं गं? चालून दाव! तुमी माळापातुर जाता आन बसता कुटाळक्या करत! आमी डोंगराच्या मागनं खिंडीला वळसा घालतो, रोज! आमचा म्हातारा सदा तुमच्या सरपंचाला पळवत न्हील!"

मी बाईंकडं बघितलं. त्या मोबाईलवर फोटो काढत होत्या. हात तसाच राहिला.

"चालता म्हनं!" अनुसया म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. मी तिचा नवरा आहे, मला कळतं.

"व्हय चालतो! तुमच्या आधी सुरू केलंय! आन लोनच्यात मीठ? आमच्या लोनच्यात तुमच्या निम्मं बी न्हाई! मिश्री? सबंध सोनखळीत शोदून दाव एक डबी! तुमची ती गंगी अजून लपून लावती, आमी बगितलंय!"

आमच्या काठावरची गंगूबाई पदर तोंडावर घेऊन मागं सरकली.

"तुमाला डॉक्टरीन शिकवती तरी तुमी आमच्या मागंच! आमाला कुनी शिकवलं न्हाई, आमच्या अकलेनं केलं! हाय काय उत्तर, अन्शे?"

हलगी थांबली. उत्तराची वाट बघायची असते. सगळा काठ अनुसयाकडं बघायला लागला. तिचे ओठ घट्ट मिटलेले. गप्प बसली तर हरली. आणि हरायची सवय तिला नाही; मी एवढी वर्षं संसार केलाय, एकदाही हरलेली बघितली नाही.

"आकलेनंऽ?" ती ओरडली. ओढ्याच्या पाण्यावरचे बगळे उडाले. "तुज्या आकलेनं गं? तुजी आक्कल म्हंजे गळकी घागर! कुनी शिकवलं तुला? दर शनवारी म्हायारी येऊन, शुकरवारी इतं सांगितलेलं सगळं तितं कुनी सांगितलं? मीठ किती घालायचं, कुनाच्या हातनं मोजून दिलं? डोंगराच्या मागनं चाला म्हंजे इकडनं दिसायचं न्हाई, हे कुनी सुचीवलं? मी! मी, सटवे, मी!"

माझ्या तर हातातली चंची पडली. दर शनिवारी ही माहेरी जायची, हातात डबा. मला सांगायची, दादाला लोणचं नेतेय.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई सॅंडलसकट ओढ्यात उतरल्या.

"थांबा! थांबा! हे परत बोला!"

ओढ्याच्या इतिहासात शिव्यांच्या मधे कुणी "थांबा" म्हटलं नव्हतं.

"परत बोलायचं नसतं बाई," आमच्या काठावरनं कुणीतरी समजावलं. "फुडचं इचारा."

बाई गुडघाभर पाण्यात. एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. "पारूताई, तुम्ही कधीपासून चालता?"

"पयल्या शनवारपासनं गं, भवाने!" पारूवहिनीनं उत्तर दिलं. बाई दचकल्या. पण त्या दिवशी ओढ्यात उभं राहून कुणाला सरळ उत्तर देता येत नाही, त्याला वहिनीचा काय इलाज?

"गावातले किती लोक?"

"दात मोज तुजं! त्येच्यापरास कितीतरी जास्त! बिछान्याला खिळल्यालं सोडून समदं!"

"मग परवा मला का नाही सांगितलंत?"

"सांगून आमच्या वन्संचं नाव बाहीर काडू व्हय, उंडगे?"

दहा-वीस बायका हसल्या. बाईंच्या तोंडावरही हसू यायला लागलं होतं. त्यांनी मान वळवून अनुसयाकडं बघितलं. "पण काकू, सोनखळी तुलनेचं गाव होतं. त्यांना सांगायचं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते ना?"

अनुसया पाण्याच्या कडेपर्यंत आली. एरवी तिनं बाईंना कधी अरेतुरे केलं नाही. ताटातली पहिली भाकरी त्यांना. पण ती जागा आसराईची होती आणि दिवस तो होता.

"अगं ए डॉक्टरणी," ती म्हणाली. ओरडली नाही, म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं. "माज्या भावाच्या दंडाला पट्टा बांदलास. आकडा लिवून घेतलास. आकडा वाईट हाय हे तुला बी दिसलं, मला बी दिसलं. काय करायचं ते तुला ठावं हुतं, आन तू त्येला सांगितलं न्हाईस. वर्सानं येऊन पुना मोजनार म्हनालीस. तू बसशील गं मोजत. मी कशी बसू?"

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. पलीकडं सदाशिव फेट्याच्या शेवटानं तोंड पुसत होता. घाम आला होता म्हणे. श्रावणात.

बाई काही बोलल्या नाहीत. तशाच पाण्यातल्या दगडावर बसल्या.

आसराईच्या नियमात उत्तर न देणारी हरते. बाई हरल्या. पण हरलेलीला आधी हळदीकुंकू लावायचं असतं, मग दोन्ही काठच्या बायका ओढ्यात उतरून एकमेकींना लाह्या-गूळ भरवतात. त्या दिवशी बाईंना दोन्ही काठांनी एवढं कुंकू लावलं की पुण्याला आपल्या घरी उतरल्यावर लोकांनी लग्न कधी झालं म्हणून विचारलं.

त्यानंतर आठवडाभर आमच्या सोप्यात लेखाचं काम चाललं. अनुसया सांगायची, बाई लिहायच्या. मी मधे एकदा वाऱ्याचा मुद्दा काढून बघितला. "तुमी च्या करा," अनुसया म्हणाली. मी चहा केला. गावाचा लेखक होतो, पण गावाला जे सांगायचं होतं ते मला माहीतच नव्हतं.

लेखात गावांची नावं लपवायची असतात. बाईंनी 'अ' आणि 'ब' लिहिलं. सोनखळीच्या लोकांनी 'ब' व्हायला साफ नकार दिला. आमच्या पंचायतीनं 'अ' सोडायला. शेवटी बाईंनी 'ओढ्याच्या अलीकडचं' आणि 'ओढ्याच्या पलीकडचं' असं लिहिलं. तेव्हापासून दोन्ही गावं खूश आहेत, कारण प्रत्येकाला वाटतं अलीकडचं आपलंच.

संपादकांचं उत्तर आलं. बाईंनी वाचून दाखवलं. काही न करणारं गाव तिथं नव्हतंच, हे कळल्यावर आकड्यांचं कोडं सुटलं होतं. आपल्या नियतकालिकात भागीदारीवर पुष्कळ लिहून आलंय, पण भागीदारी अशी आपल्या पायानं ओढा ओलांडून गेलेली आम्ही पहिल्यांदाच वाचतोय, असं काहीसं त्यांनी लिहिलं होतं. लेख घेतला. संस्थेनं दवाखाना बंद केला नाही, उलट वाढवला: शुक्रवारी पिंपरणी, शनिवारी सोनखळी. अनुसयाचा शनिवारचा फेरा वाचला. तरी ती जाते. आता म्हणते, दादाला लोणचं नेतेय, आणि खरंच लोणचंच असतं.

छापलेला अंक आला तो मी देवळाच्या पारावर नेला. पहिलं नाव ऋता केळुसकर. मग अनुसया घार्गे. मग पार्वती सदाशिव जाधव. "आन तुजं कुटाय रं दौलत्या?" सरपंचानं विचारलं. माझं नाव शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरात, आभारात. 'चहासाठी' असं लिहिलंय. इंग्रजीत असल्यामुळं मी त्याचा अर्थ 'मार्गदर्शनासाठी' असा सांगितला. कुणी विश्वास ठेवला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या दिवाळीतली एक संध्याकाळ सांगून थांबतो. बाई फराळाला आल्या होत्या. करंजी मोडता मोडता म्हणाल्या, "अण्णा, आता पुढचा अभ्यास मंजूर झालाय. साखरेचा. ह्या वेळी सांगणार सगळ्यांनाच, तुलनेच्या गावालाही, पण वर्षभर उशिरानं. काकूंनी घातलेली अट आहे ती."

"मग अडलंय कुठं?"

"अडलंय असं की ते वर्षभर तरी इकडचं तिकडं जायला नको. तुम्ही सगळ्या तालुक्यात रोलर फिरवलाय. मला एक गाव सांगा, फक्त एक. जिथं पिंपरणीची लेक दिलेली नाही, आणि जिथली सून पिंपरणीत आलेली नाही."

आत अनुसया चकल्या तळत होती. तिच्या झाऱ्याचा आवाज थांबला. ती ऐकत होती.

मी डोळे मिटले. जन्मभर दाबलेले सगळे रस्ते एकेक करून आठवले. वाघळवाडीचा, तिथं गंगूबाईची थोरली. खडकीचा, तिथनं सरपंचाची सून आली. घाटातला, बिबट्याचा, त्याच्या टोकाला आमचीच पुतणी नांदते. मग खरी गावं संपली, तेव्हा मी माझं ठेवणीतलं काम सुरू केलं. डोंगराच्या पोटात एक गाव रचलं, त्याला नाव दिलं, देऊळ दिलं, माणसं दिली. आणि बघतो तर पाणवठ्यावर एक बाई उभी, हातात डबा, आणि चेहरा ओळखीचा.

"नाही बाई," मी म्हणालो. "तसलं गाव मला थापेतसुद्धा रचता येईना."